'शनवार तेली' म्हणजे कोण?

प्रश्न असा आहे: अलिबागकडच्या जुन्या कागदांत 'शनवार तेली' असा शब्द आढळला. शनिवारी शनीला आणि मारुतीला तेल वाहतात, तेव्हा देवळांना तेल पुरवणारी ही तेल्यांची पोटजात असावी का?

नाही, अर्थ नेमका उलटा आहे. शनिवारी जे घाणा बंद ठेवत ते शनवार तेली. कोकणातल्या बेने इस्रायलांना, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाला, गावकऱ्यांनी दिलेलं हे नाव. सोमवार पाळणारे ते 'सोमवार तेली', तशीच ही घडण. समासातला वार कामाचा नाही, खाड्याचा आहे. 'शनवार' हे रूपही बोलण्यातलंच, पुण्याच्या शनवारवाड्यात आहे तेच.

समाजाची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांचा वंश आसपासच्या गावांत पसरून तेल गाळू लागला. भाषा मराठी झाली, पेहराव कोकणी झाला, आडनावं गावांवरून पडली: किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर. 'यहुदी' हा शब्द गावाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. गावाला दिसत होतं ते एवढंच की या घरांतला घाणा आठवड्यातून एक दिवस फिरत नाही. नाव त्यावरूनच पडलं. म्हणूनच मला या शब्दाचं फार मोल वाटतं: ठेवणाऱ्यांना धर्म माहीत नव्हता, तरी नाव ठेवलं ते त्या धर्माच्या गाभ्यावर बोट ठेवून.

हा दिवस म्हणजे शब्बाथ. हिब्रू धातूचा अर्थ थांबणे, काम सोडणे. हिब्रूत रविवारपासून पहिला दिवस, दुसरा दिवस अशी नुसती मोजणी चालते. स्वतःचं नाव आहे ते फक्त सातव्या दिवसाला. देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी तो थांबला, म्हणून माणसानेही थांबायचं, ही दहा आज्ञांपैकी एक. तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथसंचाच्या, पाचव्या ग्रंथात ती आज्ञा पुन्हा येते तेव्हा कोणी थांबायचं याची यादीच दिली आहे: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, तुझा बैल, तुझं गाढव, तुझ्या गावातला परका. बैलाचं नाव घेऊन! झापडं बांधून दिवसभर गोल फिरणाऱ्या घाण्याच्या बैलाला नेमून दिलेली सुट्टी होती, हे वाचताना मला दरवेळी भरून येतं.

त्यातही तेल गाळणं हे वर्ज्य कामांपैकीच. मिश्नाने, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांच्या जुन्या संग्रहाने, शब्बाथला वर्ज्य कामांचे 39 प्रकार सांगितले आहेत. त्यांत मळणी आहे, आणि फळ पिळून रस किंवा तेल काढणं धर्मशास्त्री मळणीच्या पोटात धरतात, कारण दोन्हींत आतलं बाहेर काढायचं असतं.

एक बारकावा जुने कागद वाचताना लक्षात ठेवावा. आपला वार सूर्योदयाला लागतो, ज्यूंचा सूर्यास्ताला. त्यामुळे हा 'शनवार' शुक्रवारी दिवस मावळतानाच सुरू होतो आणि शनिवारी रात्री तीन तारे दिसले की संपतो. विस्तव पेटवायला मनाई, म्हणून स्वयंपाक आधीच उरकायचा आणि दिवाही सूर्यास्तापूर्वी लावायचा.

शब्बाथखेरीज आठव्या दिवशीची सुंता, पर आणि खवले असलेलेच मासे खाणं, आणि 'शेमा इस्रायल' ही 'परमेश्वर एकच आहे' अशी साक्ष देणारी प्रार्थना, एवढं या समाजाने ग्रंथ हाताशी नसताना जपलं. पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यूने याच खुणांवरून त्यांना ओळखलं आणि धर्माचं शिक्षण दिलं, असं परंपरा सांगते. मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ 1796 साली उभं राहिलं.

हा शब्द बाहेरच्यांनी दिलेला आहे, हे मात्र विसरू नये. समाज स्वतःला बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरं, म्हणवतो. आज कोणाला उद्देशून 'शनवार तेली' म्हणू नये. जुन्या संदर्भातच तो वापरावा.

तुमच्या कागदातला तेली खरंच बेने इस्रायल आहे का, हे पाहायला त्याचं नाव तपासा. हिब्रू नावांना कोकणात 'जी' जोडून मराठी वळण मिळालं होतं: शमुवेलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी, मोशेचा मुसाजी. मुंबईचं ते प्रार्थनास्थळ बांधणारे शमुवेल दिवेकर हे समाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात. असं नाव आणि पुढे अलिबाग-पेण-रोह्याकडच्या गावाचं आडनाव असेल, तर तुमचा शनवार तेली तोच.