आठवीत दहावी सुरू करू नकोस

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून दाखला काढला आणि आता जूनपासून तू तालुक्याच्या हायस्कूलला जाणार, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. तुला कलेक्टर व्हायचंय, हेही सांगितलं. ती माझ्या वर्गात होती तेव्हा अख्ख्या तुकडीत भूमिती तिच्याइतकी कुणाचीच चांगली नव्हती, आणि दहावीनंतर तिला पुढे शिकता आलं नाही. त्यामुळे तुझ्या शिक्षणाबद्दल ती काही विचारते तेव्हा मला दोन वाक्यांत उत्तर देववत नाही. म्हणून हे पत्र.

आधी तुझ्या स्वप्नाबद्दल. ते मी मनापासून मोठं मानते, तेव्हा त्याचा हिशेबही नीट करू. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला बसायला वय किमान 21 लागतं आणि पदवी लागते. पदवी कुठलीही चालते. इतिहासाची चालते, शेतीची चालते, इंजिनिअरिंगचीही चालते. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. इंग्रजीचा एक पेपर असतो, त्यात फक्त पास व्हायचं असतं आणि त्याची पातळी साधारण दहावीची असते. तू आत्ता तेरा वर्षांची आहेस, म्हणजे तुझ्या हातात आठ वर्षं आहेत. कुणी घाई करायला लागलं की हा आकडा आठव.

आणि घाई करणारे भेटतीलच. हायस्कूलच्या रस्त्यावर फाउंडेशन बॅचचे फलक लागलेले असतात. आठवीपासून अकरावी-बारावीची तयारी, आठवीपासून दहावीचा अभ्यासक्रम, आठवीपासून स्पर्धा परीक्षा. आईला वाटतंय, बाकीच्या मुली जातात तर आपलीही जायला हवी, फीचं काहीतरी बघू. माझं मत विचारशील तर जाऊ नकोस. फी परवडत असती तरी हेच सांगितलं असतं.

आठवी आणि नववी या दोन वर्षांत बोर्डाची परीक्षा नसते. तुझे गुण कुठल्या पेपरात छापून येत नाहीत, चौकात फ्लेक्स लागत नाही. एखादी गोष्ट समजली नाही म्हणून तिच्याजवळ चार दिवस थांबायची मोकळीक शाळेच्या आयुष्यात याच दोन वर्षांत मिळते. दहावीत ती संपते. दहावीच्या मुलांना शिकवताना मी वर्षानुवर्षं बघत आले: वर्गसमीकरण चुकतं ते वर्गसमीकरणामुळे नाही. अपूर्णांकांची बेरीज चुकते, कंस सोडवताना चिन्ह चुकतं, गुणोत्तरात कशाला कशाने भागायचं ते उमगलेलं नसतं. या सगळ्या सहावी-सातवीच्या गोष्टी. त्या दुरुस्त करायला आठवीत वेळ असतो. तो वेळ पुढच्या इयत्तेचे धडे उरकण्यात घालवला, तर पाठांतर वाढतं आणि खालची भोकं तशीच राहतात. जूनच्या आधी सातवीचं गणिताचं पुस्तक पुन्हा काढ आणि अपूर्णांक, गुणोत्तर-प्रमाण आणि पूर्णांक संख्यांवरच्या क्रिया एवढं तरी स्वतः करून बघ. उदाहरण बघून 'येतंय' म्हणू नकोस. वहीत कर.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक गोष्ट तुला फार लागणार आहे, ती आत्ताच सांगते. तुझ्या शाळेत सातवीला मोजकी मुलं होती आणि पहिला नंबर तुझाच. हायस्कूलच्या एका तुकडीत साठ-पासष्ट मुलं असतील, आणि त्यात आजूबाजूच्या आठ-दहा गावांतले पहिले नंबर असतील. घटक चाचणीत तुझा सातवा-आठवा नंबर आला तर घरी रडू येईल. येऊ दे. पण त्या भीतीने वर्गात हात वर करणं थांबवू नकोस. हुशार म्हणवली जाणारी मुलं याच ठिकाणी अडकलेली मी पाहिली आहेत. आपल्याला येत नाही हे इतरांना दिसू नये म्हणून ती गप्प बसतात, आणि नववीपर्यंत त्यांचं न समजलेलं इतकं साठतं की कुठून विचारावं तेच कळत नाही. 'सर, ही पायरी परत सांगा' हे वाक्य पहिल्याच आठवड्यात एकदा म्हणून टाक. दुसऱ्यांदा म्हणायला कमी जड जातं.

तुझी तुकडी सेमी इंग्रजीची आहे असं कळलं. गणित आणि विज्ञान एकदम इंग्रजीतून येणार. यासाठीही वेगळा क्लास नको. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मराठी माध्यमाची आणि इंग्रजीचीही. आठवीचं गणित आणि विज्ञान दोन्ही भाषांत उतरवून घे. धडे त्याच क्रमाने असतात. वर्गात काय होणार आहे ते आदल्या रात्री मराठीतून वाच, दुसऱ्या दिवशी वर्गात इंग्रजीतून ऐक, संध्याकाळी इंग्रजी पुस्तकातून गणितं सोडव. दिवाळीपर्यंत मराठी पुस्तक उघडायची गरज आपोआप कमी होईल. शेजारच्या मुलीचं इंग्रजी फाडफाड असेल, त्यावरून तिचं गणितही चांगलंच असेल असं धरू नकोस.

गणितावरून एका माणसाची ओळख करून देते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म 1905 चा, डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीला ते शाळेत शिकवायचे. गणितातली पदव्युत्तर पदवी नाही, संशोधन संस्था नाही. शाळा सांभाळून ते आकड्यांशी खेळत बसायचे. त्यांनी शोधलेली एक गंमत अशी: चार अंकी संख्या घे, सगळे अंक सारखे नकोत. समजा 3524. अंक उतरत्या क्रमाने लिहिले की 5432, चढत्या क्रमाने 2345. वजाबाकी 3087. पुन्हा तसंच कर: 8730 वजा 0378, आले 8352. पुन्हा: 8532 वजा 2358, आले 6174. आता 6174 चे अंक तसेच मांडून वजा कर, परत 6174 च येतात. कुठलीही संख्या घे, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तू इथेच येऊन पोचतेस. 6174 ला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

एसटीत खिडकी मिळाली की वहीच्या मागच्या पानावर हे करून बघ. मग एक प्रश्न तुझ्यासाठी: या वजाबाक्यांच्या प्रत्येक उत्तराला 9 ने पूर्ण भाग जातो. का जातो? चार अंकांना अ, ब, क, ड म्हण, स्थानिक किमती लिहून वजाबाकी मांड आणि पदं एकत्र कर. आठवीत जे बीजगणित शिकशील तेवढ्यात उत्तर मिळतं. मोबाइलवर शोधू नकोस. आठवडा लागला तरी चालेल. असा एक आठवडा तुझ्याकडून कुठलीही बॅच करून घेणार नाही.

आता एक परीक्षा, जी तू द्यायलाच हवीस. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, जिला सगळे एनएमएमएस म्हणतात. ती आठवीतच देता येते, पुढे संधी नाही. निवड झाली की नववी ते बारावी अशी चार वर्षं दरसाल 12000 रुपये मिळतात. आई-वडिलांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीला किमान 55 टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना 50), आणि शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना ही परीक्षा देता येत नाही, आणि प्रवेश घेताना हे पालकांना सहसा कुणी सांगत नाही. तुझी शाळा अनुदानित आहे ना, एवढं मुख्याध्यापकांना विचारून घे. पेपर दोन: बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी 90 गुणांचे. दुसऱ्या पेपरात सातवी-आठवीचं विज्ञान, समाजशास्त्र आणि गणित. परीक्षा साधारण डिसेंबरात होते, अर्ज त्याआधी शाळेमार्फत भरले जातात. शाळेत विषय निघाला नाही तर ऑगस्टपासून तूच काढ.

मी हिचा एवढा आग्रह धरते कारण हे पैसे तुझ्या नावच्या खात्यात येतात. पुस्तकं घ्यायला, पुढे वसतिगृहाचा खर्च भागवायला कुणापुढे हात पसरावा लागत नाही, आणि 'अकरावी कशाला, खर्च कोण करणार' या घरातल्या बोलण्यात तुझी बाजू भक्कम होते. दहावीनंतर शिष्यवृत्ती चालू राहायला दहावीत साधारण 60 टक्के लागतात, ते तुला जड नाहीत.

याच्याशी जोडलेलं एक कंटाळवाणं काम आहे, ते सुट्टीतच उरक. दाखल्यावरचं तुझं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधारवरचं नाव आणि बँकेच्या पासबुकावरचं नाव, सगळं समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून बघ. एका वेलांटीवरून किंवा आडनावाच्या स्पेलिंगवरून पैसे अडकतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली चूक तू शाळेत आहेस तोवर दुरुस्त होते. एकदा शाळा सोडली की तेच काम फार किचकट होऊन बसतं.

तुला कलेक्टरच्या कामाची तयारी आत्ताच करायची असेल तर स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं नकोत. घरातला सातबारा काढ. जिल्हाधिकारी हा मुळात महसूल खात्याचा जिल्ह्यातला प्रमुख, आणि तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत या साखळीचं तळातलं काम याच कागदावर चालतं. वरचा भाग गाव नमुना सात, त्यात जमीन कुणाची आणि किती. खालचा नमुना बारा, त्यात पीक कोणतं. क्षेत्राच्या रकान्यात समजा 0.80.00 लिहिलंय. म्हणजे शून्य हेक्टर, 80 आर. बाबा म्हणतात आपली दोन एकर आहे. बरोबर आहे का? एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, अंदाजे 1076 चौरस फूट. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. गुंठा किंचित मोठा, म्हणून 80 आरचे 79 च गुंठे भरतात, आणि एकराला 40 गुंठे लागतात. पुरते दोन एकर व्हायला एक गुंठा कमी पडतो. बांधावरून वर्षानुवर्षं चालणारी भांडणं कधीकधी एवढ्याशा जागेची असतात.

मग इतर हक्काचा रकाना बघ. तिथे सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का? आजोबा गेल्यावर वारसांचा फेरफार झाला तेव्हा आत्यांची नावं लागली का? हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. घरात हा प्रश्न सरळ विचारलास तर वातावरण तापेल, म्हणून आधी आजीला विचार. तिला सगळं माहीत असतं. वाद घालायला जाऊ नकोस. कागद वाचायला शीक, आणि कागदावरचं आणि घरातलं कुठे जुळत नाही ते बघून ठेव.

तसंच ग्रामसभेचं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला साधारणपणे सभा होतात. मतदार झाल्याशिवाय तू तिची सदस्य नाहीस, पण आईबरोबर जाऊन मागे बसायला हरकत नसते. शाळेचं झेंडावंदन झालं की थेट तिकडे जा. वित्त आयोगाचा निधी किती आला, त्यातला बंधित किती (तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करता येतो), गटाराच्या कामाचं काय झालं, हे ऐक. बायका किती आल्या आणि त्यातल्या बोलल्या किती, तेही बघ. नागरिकशास्त्राचा धडा यानंतर पाठ करावा लागणार नाही.

थोडं रोजच्या गोष्टींबद्दल. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो, तो पहिल्याच आठवड्यात काढून घे. संध्याकाळची गाडी चुकली तर कुणाकडे थांबायचं, कुणाला फोन करायचा हे आईशी आधीच ठरव. पाळीच्या दिवसांत शाळा बुडवू नकोस. दप्तरात पॅड ठेव, आणि शाळेत पाण्याची, स्वच्छतागृहाची अडचण असेल तर चार मुली मिळून बाईंना जाऊन सांगा. महिन्याला तीन दिवस म्हणजे वर्षात जवळजवळ एक महिना, एवढी शाळा बुडवून कुणी पुढे जात नाही. मोबाइल रात्री आईच्या उशाशी. खो-खो सोडू नकोस, अभ्यासाच्या नावाखाली तर मुळीच नाही.

विज्ञान घ्यायचं की कला, याची चर्चा आत्तापासून घरात चालू असेल. तिला उत्तर द्यायची घाई नाही. कलेक्टर व्हायला विज्ञानच लागतं असं कुणी म्हणालं तर पदवीबद्दल वर जे लिहिलंय ते दाखव.

कापरेकरांच्या वजाबाकीला 9 ने भाग का जातो याचं उत्तर, आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत काय काय झालं ते, दोन्ही मला लिहून पाठव. फोनवर नको, कागदावर. आईला म्हणावं, भूमितीचं प्रमेय अडलं तर आधी तिलाच विचारायला सांगितलंय मी.

तुझ्या,
बाई