मोगरा कार्तिकात फुललाय, छाटू का राहू देऊ?

नाशिकहून एका ताईंचा प्रश्न आलाय. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बारा इंची कुंडीत मोगरा आहे, उन्हाळाभर नुसता पाला, मार्च ते जून एक गजरा होईल एवढी पण फुलं नाहीत आणि आता दिवाळी उरकल्यावर शेंड्याशेंड्याला कळ्यांचे घोस. शेजारच्या आजी म्हणतात अवेळी फुललं की झाड जातं. तर छाटू का, खत देऊ का? पालघर जिल्ह्यातल्या विक्रमगडकडच्या एका दादांचा पण साधारण हाच प्रश्न आहे, फक्त त्यांचा मोगरा दहा गुंठ्यात आहे. म्हणून दोघांना एकत्रच सांगतो.

ताई, तुमची गॅलरी दक्षिणेला आहे असं तुम्ही लिहिलंय ना, निम्मं उत्तर तिथंच आहे. मे-जूनमध्ये आपल्याकडं सूर्य दुपारी ऐन डोक्यावर असतो, त्यामुळं वरच्या गॅलरीच्या स्लॅबची सावली बरोबर तुमच्या कुंडीवर पडते, ऊन रेलिंगच्या बाहेरच राहतं, बाहेर ४० डिग्री असलं तरी झाडाला थेट ऊन मिळत नाही. त्यात मार्च लागला की आपण झाडं करपतील म्हणून हिरवी नेट बांधतो. बाकी झाडांना ती ठीक, मोगऱ्याला नको, त्याला रोज पाच-सहा तास कडक ऊन लागतंच. सप्टेंबरनंतर सूर्य दक्षिणेला कलतो, ऊन तिरपं होऊन गॅलरीत आतपर्यंत येतं, पाऊस पण थांबलेला असतो आणि ऑक्टोबर हीटची भर. म्हणजे तुमच्या मोगऱ्याचा उन्हाळा ऑक्टोबरात आला, तो फुलला. झाडाचं काही चुकलेलं नाही.

आजींचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका हां, मरायला टेकलेलं झाड कधीकधी शेवटचं फुलतं हे खरं आहे. पण तेव्हा पानं पिवळी पडून गळत असतात, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात, नवा फुटवा नसतो. तुमच्या फोटोत पोपटी कोवळे फुटवे चांगले दिसतायत, तेव्हा काळजी नको.

आता छाटू नका. मोगऱ्याला फूल नव्या फुटव्यावरच येतं, आत्ता फांद्या उडवल्या तर कळ्या तर जातीलच, वर जो कोवळा फुटवा येईल तो डिसेंबर-जानेवारीच्या तुमच्याकडच्या थंडीत आखडून बसेल. घोस फुलून संपला की तेवढा शेंडा दोन पेरं खाली खुडायचा, बस. मोठी छाटणी जानेवारी सरताना, थंडी उतरायला लागली की करा, एक-दीड फूट ठेवून बाकी काढा, वाळक्या आणि एकमेकीत गुंतलेल्या फांद्या आधी. त्याच वेळी कुंडीतून झाड काढून बघा, मुळं गोल गोल फिरून बसली असतील तर कडेची इंचभर मुळं कापून नवी माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून परत लावा. आणि फेब्रुवारीपासून कुंडी गच्चीवर न्या, सोसायटीवाले नेऊ देत नसतील तर निदान रेलिंगच्या बाहेर पक्कं स्टँड ठोकून त्यात, पण खालच्या माणसाच्या डोक्यावर पडणार नाही असं.

खताचं म्हणाल तर थंडीभर काही देऊ नका. युरिया नाहीच, उन्हाळ्यात दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) घालत होतात असं लिहिलंय, सावलीत एवढं नत्र मिळाल्यावर झाड पालाच वाढवणार, दुसरं काय करणार. पाणी पण कमी करा, बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच झारी.

एक गोष्ट मात्र रोज सकाळी बघा. फुललेलं फूल दुसऱ्या दिवशी जांभळट होतं ते नॉर्मल आहे, पण न फुललेली कळीच गुलाबी-जांभळी पडून बुडाशी फुगली असेल तर ती नखानं उभी चिरा. आत बारीक पांढरट अळ्या दिसल्या तर कळीमाशी, काळ्या डोक्याची हिरवट अळी असेल तर कळी पोखरणारी. दोन्हीला कुंडीत औषध मारायच्या भानगडीत पडू नका, तसल्या कळ्या तोडून साबणाच्या पाण्यात टाका, खाली पडलेल्या पण वेचा, कारण कळीमाशीची अळी मातीत उतरून कोष करते आणि परत वर येते. फारच वाटलं तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल, थोडा साबण घालून, संध्याकाळी.

दादा, तुमचं गणित वेगळं आहे. थंडीत मोगऱ्याची आवक घटते, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, दादरच्या फुलबाजारात भाव चढलेला असतो, त्यामुळं आत्ताचा बहर सोडू नकाच, पहाटे कळ्या मिटलेल्या असतानाच तोडून गाडी गाठा. पण भावाच्या नादात सगळ्या प्लॉटची छाटणी पुढं ढकलू नका. तुमच्याकडं नाशिकसारखी थंडी नाही, निम्म्या ओळी डिसेंबरच्या सुरुवातीला घ्या, निम्म्या तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे सगळा माल एप्रिलमध्येच येऊन भाव पडल्यावर तोडणीची मजुरी अंगावर येणार नाही. छाटणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडा, जाड कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा, आणि छाटलेला पाला ओळीत तसाच टाकू नका, त्यात कीड राहते, बाहेर काढून खड्ड्यात कुजवा.