‘स्टॉप्ड’ की ‘स्टॉप्ट’?

प्रश्न असा आहे: इंग्रजी क्रियापदाच्या भूतकाळी रूपात शेवटी ई-डी लिहितात, मग ‘स्टॉप’चे स्टॉप्ड म्हणायचे की स्टॉप्ट? आणि ‘वॉन्टेड’मध्ये ऐकू येणारा स्वर इथे का नाही?

उच्चार स्टॉप्टच. स्पेलिंग बाजूला ठेवून मूळ क्रियापदाचा शेवटचा ध्वनी ऐकावा. तो अघोष, म्हणजे गळ्यात कंप न होता निघणारा, असला (प, क, फ, स, श, च) तर प्रत्ययाचा ट होतो: हेल्प्ट, वॉक्ट, वॉश्ट. घोष, म्हणजे कंपासह निघणारा, असला तर ड: रॉब्ड, मूव्ह्ड, कॉल्ड. स्वर सगळे घोषच, म्हणून प्लेड. शेवटी मुळातच ट किंवा ड असेल, तरच मध्ये आखूड इ शिरतो: वॉन्टिड, नीडिड. शंका आली तर गळ्यावर बोटे ठेवून लांबट ‘फ्फ्फ’ आणि ‘म्म्म’ म्हणून पाहा; कंप फक्त म्‌ला जाणवेल.

हे आपल्याला परके नाही. विपद् + काल = विपत्काल, इथेही अघोष शेजारामुळे द्‌चा त् झाला. फक्त संस्कृतात नंतरचा ध्वनी आधीच्याला बदलतो, इंग्रजीत आधीचा नंतरच्याला.

स्पेलिंग फसवते ते असे: ‘लाफ’मधल्या जी-एचचा उच्चार फ, म्हणून लाफ्ट, ‘फिक्स’मधला एक्स म्हणजे क्स, म्हणून फिक्स्ट. शर्यतीच्या ‘रेस’चे रेस्ट, उचलण्याच्या ‘रेझ’चे रेझ्ड. इथे चूक झाली तर अर्थच बदलतो.

मराठी जिभेची खरी अडचण वेगळी आहे. सगळीकडे ड लावायचा म्हटले की प्‌-ड जुळत नाही, मग नकळत अ घुसतो आणि एका अवयवाचा (सिलॅबलचा) शब्द ‘स्टॉपड’ असा दोन अवयवांचा होतो. उपाय म्हणजे पुढे स्वराने सुरू होणारा शब्द घेऊन सराव करणे: ‘स्टॉप्ट इट’ हे स्टॉप-टिट असे तोडून म्हणावे, की ट आपोआप सुटा होतो. हा ट जीभ मागे न वळवता, टोक वरच्या हिरडीला टेकवून काढायचा. ‘आस्क्ट’मधला क भरभर बोलताना अनेक इंग्रजीभाषकही गाळतात, आस्ट म्हटले तरी चालते.

अपवाद बहुतेक विशेषणांत आहेत: नेकिड, विकिड, रॅगिड, क्रुकिड. प्रत्ययातला हा स्वर एके काळी सर्वत्र उच्चारला जाई. तो गळू लागल्याची तक्रार लेखक जोनाथन स्विफ्टने 1712 मध्ये केली होती. काही जोड्यांत दोन्ही रूपे टिकली: क्रियापद लर्न्ड, पण विद्वान या अर्थी लर्निड, ‘एज्ड फाइव्ह’ म्हणजे पाच वर्षांचा, पण वृद्ध तो एजिड. सपोझ्डचे क्रियाविशेषणही सपोझिडली होते. आणि ‘वापरले’ या अर्थी यूझ्ड, पण पूर्वीची सवय सांगताना यूस्ट टू.