‘खासगी वापर’ आणि ‘शैक्षणिक वापर’ एकच का?

फोंड्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या वाचनालयात झेरॉक्स मशीनपाशी लावायच्या सूचनेत त्यांनी लिहिलंय, ‘शैक्षणिक व खासगी वापरासाठी कॉपीराइटमधून सूट आहे.’ ‘सूट’ म्हणावं की ‘अपवाद’, आणि दोन्ही वापर असे जोडून लिहिले तर चालेल का?

‘सूट’चं आधी उरकतो. सूट फीमध्ये मिळते, कुणीतरी दिली तर. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ म्हणतं की अमुक गोष्टी केल्यास हक्काचा भंग होतच नाही. तेव्हा ‘अपवाद’ म्हणा, किंवा सरळ ‘मुभा’. ‘कॉपीराइट’ मात्र राहू द्या. ‘प्रताधिकार’ लिहिलात तर मुलं अर्थ विचारत येतील.

खरी मेख ‘शैक्षणिक वापरा’त आहे. एवढा ऐसपैस शब्द झेरॉक्सच्या मुभेत नाहीच. तिथे म्हटलंय ते असं: शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने, शिकवण्याच्या ओघात केलेली नक्कल. प्रश्नपत्रिका आणि तिची उत्तरंही त्यात येतात. ‘ओघात’ हा शब्द मी मुद्दाम घेतो. ‘वर्गात शिकवताना’ असं लिहिलं की मुभा खडू-फळ्यापुरती आक्रसते. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर प्रकाशकांनी खटला भरला होता. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिथे नेमका हाच शब्दप्रयोग रुंद अर्थाने घेतला: अभ्यासक्रमासाठी उताऱ्यांचा गठ्ठा करून देणं हेही शिकवणंच. या मुभेत ‘वाजवी’ हा शब्द छापलेला नाही, पण खंडपीठाने म्हटलं की शिकवण्याच्या हेतूला लागेल तेवढंच घ्यावं. मला हे पटतं. धडा हवा असताना अख्खी कादंबरी झेरॉक्स करणं शिकवण्याच्या ओघात बसवणं कठीण.

‘खासगी’ची गोष्ट निराळी. तिथे ‘वाजवी’ ही अट कायद्यातच लिहिलेली आहे, संशोधनही त्यातच धरलंय, आणि कॉम्प्युटर प्रोग्रॅम वगळलेत. विद्यार्थिनीने स्वतःच्या वाचनासाठी एक प्रकरण काढून घेतलं तर ते खासगी. बाईंनी त्याच प्रकरणाच्या चाळीस प्रती वर्गात वाटल्या तर त्यात खासगी काही उरलं नाही. ती दुसरी मुभा. तेच पान यूट्यूबवर सगळ्या जगासाठी टाकलं, तर नुसतं ‘शैक्षणिक’ म्हणून सुटका नाही.

विचारलं नाहीत, तरी गोव्यात राहून नाटक कसं वगळू? गॅदरिंगमधल्या नाटकाला वेगळी मुभा आहे: करणारे शाळेचेच शिक्षक-विद्यार्थी, बघणारे शाळेचे लोक, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित मंडळी. तिकीट लावून सगळ्या गावाला बोलावलंत तर ती लागू नाही. जत्रेत देवळापुढे रंगणारं नाटक तिसऱ्याच ओळीत येतं. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांपुढे, किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेला प्रयोग. ‘हौशी’ला तिथे पुरतं वजन आहे, बिदागी देऊन आणलेल्या धंदेवाईक कंपनीला ही ओळ कामाची नाही.

सूचना मी अशी लिहीन: ‘स्वतःच्या वाचनासाठी किंवा अभ्यासासाठी वाजवी प्रमाणात झेरॉक्स काढण्यास मुभा आहे. वर्गासाठी प्रती हव्या असल्यास, शिकवायला लागेल तेवढाच भाग शिक्षकांमार्फत काढावा.’ दोन वाक्यं, दोन मुभा. मधला ‘व’ काढून टाका.