वरचा, खालचा आणि मधले अंतर

प्रश्न : माझ्या आईचे वय 68 आहे. गेले काही महिने तिचा रक्तदाब 160/70 च्या आसपास असतो. खालचा आकडा चांगला असल्याने आम्ही निश्चिंत होतो. परंतु डॉक्टरांनी दोन आकड्यांतील अंतर जास्त असल्याचे सांगून तपासण्या लिहून दिल्या. या अंतराला एवढे महत्त्व का?

उत्तर : या अंतराला पल्स प्रेशर म्हणतात. रक्तदाब 120/80 असेल तर ते 40 भरते. आपल्या आईंचे 90 आहे, आणि ते सातत्याने 60 च्या वर राहिले तर कारण शोधावे लागते.

उतारवयात सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा, ताठरपणा. लवचीक महाधमनी प्रत्येक ठोक्याला किंचित फुगून थोडे रक्त सामावून घेते आणि हृदय सैल पडले की तेच पुढे ढकलते. त्यामुळे वरचा दाब फार चढत नाही आणि खालचा फार उतरत नाही. ती ताठर झाली की वरचा चढतो आणि खालचा उतरतो, म्हणून 70 या आकड्यावर निर्धास्त राहू नये. शिवाय हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः हृदय सैल असताना, त्यामुळे वरचा दाब उतरवताना खालचा फार घसरू न देण्याची कसरत डॉक्टरांना करावी लागते. गोळ्यांची मात्रा कृपया स्वतः बदलू नका.

थायरॉईडचा अतिरेक आणि तीव्र रक्तक्षय यांतही अंतर वाढते, म्हणून रक्ततपासणी. महाधमनीची झडप नीट मिटत नसेल तर रक्त हृदयात परत येते आणि खालचा दाब बराच घसरतो. ते इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसते.

अंतर कमी होण्याकडे मात्र घरी सहसा कोणाचे लक्ष जात नाही, याची मला अधिक चिंता वाटते. मोठा रक्तस्राव, दुबळे झालेले हृदय, अरुंद झालेली महाधमनीची झडप, हृदयाभोवती साचलेला द्रव ही त्याची कारणे. डेंग्यूत ते विशेष फसवे असते. ताप उतरण्याच्या सुमारास रक्तातील द्रव सूक्ष्म रक्तवाहिन्यांबाहेर झिरपू लागतो, शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब टिकवते आणि खालचा आकडा वर सरकतो. 100/80 पाहून घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण अंतर 20 किंवा त्याहून कमी, हातपाय गार आणि नाडी क्षीण असेल तर रुग्ण शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याच्या अवस्थेत, जात असतो, आणि वरचा आकडा घसरण्याची वाट न पाहता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.