रात्रीच्या समुद्रावर उडायला निघालेला मुलगा

ठाण्यातील कोपरीहून एका आईने लिहिले आहे : बारावी विज्ञान शाखेतील मुलाला तटरक्षक दलात हेलिकॉप्टर वैमानिक होऊन समुद्रात अडकलेल्यांची सुटका करायची आहे. पोरबंदरच्या हेलिकॉप्टर अपघातापासून वडील विषयही काढू देत नाहीत. मागच्या पावसाळ्यात येऊरला ओढ्याचे पाणी चढलेले पाहून मुलगा एकटाच मागे फिरला, तेव्हापासून ते म्हणतात, ओढ्याला घाबरणारा समुद्रावर काय उडणार?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या यजमानांची काळजी अनाठायी नाही. 2 सप्टेंबर 2024 च्या रात्री तटरक्षक दलाचे ते हेलिकॉप्टर एका टँकरवरील जखमी खलाशाला आणायला निघाले होते आणि त्यातील चौघांपैकी एकच जण वाचला. धोका नाही असे मी म्हणणार नाही. तो कशात आहे, एवढे मात्र घरात सर्वांनी समजून घ्यावे.

वाशीच्या खाडीपुलावर रात्री उभे राहिले की दोन्ही काठांच्या दिव्यांमुळे पाणी कुठे संपते ते कळते. खुल्या समुद्रावर, ढगाळ रात्री, क्षितिजच नाहीसे होते. नाइट व्हिजन गॉगल्स मदत करतात, पण त्यांतून साधारण 40 अंशांइतकाच भाग दिसतो आणि अंतराचा अंदाज चुकतो. शिवाय शरीराचा तोल सांभाळणारा आपला कानच आपल्याला फसवतो. मुलाला फिरत्या खुर्चीत डोळे बांधून बसवा आणि खुर्ची सावकाश, एकाच वेगाने फिरवत राहा. अर्ध्या मिनिटात तो म्हणेल की खुर्ची थांबली, आणि खरोखर थांबवलीत की म्हणेल, उलटी फिरते आहे. अंधारात वैमानिकाचे असेच होते. त्या क्षणी स्वतःच्या शरीराची साक्ष बाजूला सारून समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो.

उड्डाणापूर्वी हवामान आणि इंधन यांचा हिशेब मांडून परतीची मर्यादा ठरवली जाते, आणि ती गाठली की खाली माणूस दिसत असला तरी फिरावे लागते. मे 2021 च्या तौक्ते वादळात मुंबईजवळ 261 जणांचा पी-305 हा कामगारांच्या निवासाचा तराफा बुडाला, तेव्हा रात्रभर युद्धनौका माणसे उचलत होत्या. नौदलाची हेलिकॉप्टर मात्र दुसऱ्या दिवशी त्या कामात उतरली.

म्हणूनच येऊरची हकीकत मी दोनदा वाचली. मित्र चिडवत असताना मागे फिरणारा मुलगा भित्रा आहे असे मला मुळीच वाटत नाही; या कामाला लागणारा सर्वांत दुर्मीळ गुण त्याने सतराव्या वर्षी दाखवला आहे, आणि घरात त्याचीच थट्टा होते याचे मला मनापासून वाईट वाटले.

त्याला अडवू नका. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र ठेवून पदवी घेतल्यावर तटरक्षक दलात असिस्टंट कमांडंट पदासाठी अर्ज करता येतो; राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) नौदलाची वाटही खुली आहे. हेलिकॉप्टरचे प्रशिक्षण तमिळनाडूत अरक्कोणम येथील आयएनएस राजाळी तळावर होते. त्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून रंगदृष्टी तपासून घ्या, कारण तिथे दोष निघाला तर पुढची सारी धडपड वाया जाते. आणि खुर्चीचा प्रयोग कराल तेव्हा खुर्ची फिरवायला वडिलांनाच सांगा.