वाचकांचे प्रश्न : मृत्युपत्र करायचं कधी?

प्रश्न : वय 35. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरी. पत्नी आणि तीन वर्षांचा मुलगा आहे, आई आमच्याजवळ असते, वडील नाहीत. राजारामपुरीतला फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर आहे, हप्ते चालू आहेत. सोसायटीत पत्नीचं नॉमिनेशन केलंय. मृत्युपत्राचा विषय काढला की आई म्हणते, "अभद्र बोलू नकोस." हे साठीनंतरचं काम नव्हे का?

उत्तर : वयाचा हिशोब बाजूला ठेवा. आज मृत्युपत्र नसताना मालमत्ता कोणाला जाईल, एवढंच पाहा. ते मान्य नसेल तर वेळ झालेली आहे.

तुमच्या बाबतीत हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे फ्लॅटचे तीन सारखे हिस्से पडतील : पत्नी, मुलगा आणि आई. (वडील हयात असते तरी त्यांना यात हिस्सा नसता, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो.) मुलगा कायद्यानं अज्ञान (अठराच्या आतला), म्हणून त्याचा हिस्सा विकायला पत्नीला आधी न्यायालयाची परवानगी काढावी लागेल. आईंच्या पश्चात त्यांचा हिस्सा तुमच्या भावाबहिणींकडेही जाऊ शकतो. आईंना घरात तहहयात राहण्याचा हक्क आणि मालकी पत्नीला, अशी सोय मृत्युपत्रातच करता येते. बोजा मात्र फ्लॅटसोबत जातो, मृत्युपत्रानं कर्ज फिटत नाही.

नॉमिनेशनवर विसंबू नका. नॉमिनी हा सहसा रक्कम किंवा शेअर ताब्यात घेणारा असतो, मालक नव्हे. कंपन्यांच्या शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात 2015 पासून पत्नी, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच धरतात, तेवढा फरक.

स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. फ्लॅटचा नंबर, सिटी सर्व्हे नंबर, खाती, पॉलिसी स्पष्ट लिहा. शेवटी हे वाक्य हवंच : "याखेरीज माझी जी काही स्थावर-जंगम मालमत्ता असेल, ती अमुक यांना मिळावी." ते नसलं की साखर कारखान्याचा शेअर, दूध संस्थेतली ठेव, पुढच्या वर्षी घेतलेली गाडी, सगळं बाहेर राहतं आणि त्यापुरते पुन्हा कायद्याचे वारस येतात. पत्नी तुमच्या आधी गेली तर काय, हेही लिहा. मूल झालं, घर घेतलं, वाटणी झाली की जुना कागद काढून वाचा. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं, पण खाडाखोड करून नव्हे. सहीनंतर केलेली दुरुस्ती पुन्हा तुमची सही आणि दोन साक्षीदार असल्याशिवाय धरत नाहीत.

मुस्लिम वाचकांना वेगळे नियम लागू आहेत. तिथं वारसांच्या संमतीशिवाय साधारणपणे एक तृतीयांशाहून जास्त मृत्युपत्रानं देता येत नाही.

प्रश्न : वडील 79 वर्षांचे, लकव्यानं उजवा हात गेला आहे. बोलतात, माणसं ओळखतात. शिवाजी पेठेतलं स्वकष्टाचं घर माझ्या नावे करायचं म्हणतात. थोरला भाऊ पुण्यात असतो. उशीर झाला का?

उत्तर : नाही, पण आता पुरावा जास्त लागेल. घर तुम्हाला मिळणार, म्हणून तुम्हीच या कामापासून लांब राहा. वकील तुम्ही गाठून दिलात तरी मजकूर वडिलांनी त्यांना एकांतात सांगायचा. सही होताना तुम्ही खोलीत नको, आणि साक्षीदार तुमची पत्नी किंवा मेहुणा नको.

डॉक्टर नेहमीचे घ्या आणि दाखला त्याच दिवशीचा, वेळ घातलेला. "तब्येत ठीक आहे" एवढं पुरत नाही. आपली मालमत्ता काय, ती कोणाला देतोय, हे त्यांना समजतं, असं दाखल्यात हवं. मजकूर मराठीत मोठ्यानं वाचून दाखवावा, "वाचून दाखवला, समजला" असं खाली लिहावं. डावा अंगठा चालतो. थोरल्या भावाला का नाही, याचं एक वाक्य वडिलांच्याच शब्दांत असू द्या. न्यायालयात त्या वाक्याची किंमत मोठी असते.

खरी चूक होते ती साक्षीदारांपाशी. अंगठा सोमवारी घरी उठतो आणि साक्षीदारांच्या सह्या मंगळवारी त्यांच्या दुकानात घेतल्या जातात. तिथंच मृत्युपत्र पडतं. दोघांनीही अंगठा उठवताना पाहायला हवा, निदान "हा माझाच अंगठा" असं वडिलांच्या तोंडून ऐकायला हवं, आणि सही वडिलांसमोरच करायला हवी. साक्षीदार वयानं लहान, गावातच राहणारे निवडा. उद्या दोघांपैकी एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागेल.

नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्या बाबतीत जरूर करा. वडील कार्यालयात जाऊ शकत नसतील तर दुय्यम निबंधकांकडे गृहभेटीचा अर्ज करता येतो. नोंदलेलं मृत्युपत्रही आव्हानापासून सुटत नाही. फक्त "खोटा अंगठा" म्हणणं अवघड होतं.

प्रश्न : मी विधवा, वय 48, मूलबाळ नाही. कागलजवळ पगारातून प्लॉट घेतलाय. तो माझ्या आईला मिळेल ना?

उत्तर : मृत्युपत्राशिवाय नाही. मूल नसलेल्या हिंदू विधवेची स्वकमाई कायद्यानं आधी पतीच्या वारसांकडे जाते : सासूबाई, त्या नसल्या तर सासरे, मग दीर-नणंदा. तुमच्या आईंचा क्रम त्यानंतर. माहेरून वारसाहक्कानं आलेली मालमत्ता तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. त्यामुळे तुम्ही याच महिन्यात लिहा, एक पानही पुरेल.

मूळ प्रत फक्त तुमच्या नावाच्या बँक लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला बँक वारसाचे कागद मागते, आणि ते कागद आत असतात. बंद लखोट्यात जिल्हा निबंधकांकडे ठेवता येतं. नाहीतर घरातच ठेवा आणि जागा आईंना दाखवून ठेवा.